मला म्हणजे सफरचंदं

ये गं, अशी जवळ ये. कागदावरून बोलावतेय म्हणून लांब बसायचं नसतं. परवा फोनवर मी म्हटलं, मला थोडं लॅटिन येतं, तर तू फिदीफिदी हसलीस आणि वर विचारलंस, "आत्या, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या का?" भाचीनं आत्याशी असं बोलावं? हसायचंच असेल तर नीट कारण घेऊन हस. ते मी देते.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी उर्दू शाळेत होते. मग शाळेची भाषा बदलली, मराठी आली, आणि त्या अदलाबदलीत मी घरी बसले ती बसलेच. पुढचं माझं मीच वाचलं. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडला नाही. सतरा-अठराची झाले तेव्हा बाहेरून मॅट्रिकला बसायचं डोक्यात घेतलं. गाडी अडली इंग्रजीपाशी. आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, म्हणाले, "छावणीतल्या बाई हो म्हणल्या तर अर्जावर दस्तखत करतो. नाय म्हणल्या तर पुस्तकं बांधून ठेवायची अन् पाहुण्यांना निरोप धाडायचा." पाहुणे म्हणजे मला बघायला टपून बसलेले.

बाई मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. माझं इंग्रजी एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, "कर्ता कुठं, कर्म कुठं, काही पत्ता नाही. तू आधी लॅटिन कर." त्यांच्याकडं एक जुनं पुस्तक होतं. त्यातली बारकी बारकी वाक्यं इंग्रजीत करायची. गंमत अशी, की लॅटिनला विभक्त्या असतात आणि क्रियापद शेवटी बसतं, थेट आपल्यासारखं. मला माहेरी गेल्यासारखं वाटलं. पण त्यात 'द', म्हणजे the, नाही. इंग्रजीत गेलं की तो लागतो, कुठं ते कळत नाही. आम्ही पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसा सगळीकडं टाकायचो.

आम्ही म्हणजे मी आणि शेजारच्या चाचींची मुलगी. ती सोबत म्हणून यायची, पण शिकायची माझ्यापेक्षा जोरात. पहिल्याच दिवशी 'रोसाम दो' आलं. ही म्हणाली, "गुलाब दो. इसमें पढ़ने का क्या है?"

बाई म्हणाल्या, "दो म्हणजे मी देते."

"ये जुबान देती है के मांगती है, पैले वो तय कर लो बाई."

बाईंनी चष्मा काढून पुसला. हसू आलं की त्या चष्मा पुसायच्या.

परीक्षेच्या दिवशी अण्णा स्वतः आले आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. बाईंनी पाटीवर पाच वाक्यं लिहिली; आधी मराठी अर्थ लिहायचा, मग इंग्रजी. पुस्तकाच्या मागं शब्दांची यादी होती, ती बघायला परवानगी होती. चार वाक्यं नीट गेली. पाचवं होतं, puella agricolae mala dat. पुएल्ला म्हणजे मुलगी, अग्रिकोलाय म्हणजे शेतकऱ्याची, दात म्हणजे देते, हे येत होतं. राहिलं mala. आता 'मला' काय यादीत शोधायचं? जन्मल्यापासून येतं. मी ऐटीत लिहिलं, शेतकऱ्याची मुलगी मला देते.

बाईंनी विचारलं, "काय देते?"

"ते वाक्यात नाही बाई. तिचं अजून ठरलं नसंल."

मैत्रीण माझ्या कानाशी लागली, "लिखेला है ना सामने. मला दात. दात दिखा रई तेरेकू."

झालं. मला असं हसू फुटलं की पाटी हातातून सुटली. तिला तर उचकीच लागली. एक थांबली की दुसरी सुरू. हसता हसता व्हरांड्यातली खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. अण्णा दारात उभे. "कळलं. चला, उठा."

मी घाईघाईनं यादी उघडली. M. malum, सफरचंद.

बाईंनी पाटी उचलून अण्णांपुढं धरली. "जरा हे वाचा बघू."

अण्णांना रोमन अक्षरं लागत होती. बोट ठेवून वाचत गेले आणि एका शब्दापाशी थांबले. "हे तर मला हाय."

"नाय अण्णा," मी म्हटलं. हसू अजून नाकात होतं. "ती सफरचंदं हायत. द्वितीया, अनेकवचन. म्हणून अग्रिकोलाय षष्ठी नाय, चतुर्थी; रूप दोन्हीचं एकच. मुलगी शेतकऱ्याला सफरचंदं देते."

अण्णांनी पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आपल्याकडं सफरचंदं कोण देतं? सीताफळं म्हणावं."

"तुमच्यासारखीच चुकली," बाई म्हणाल्या, "पण कुठं चुकली ते तिनंच काढलं. माझं हो आहे."

अण्णांनी खिशातून अर्ज काढला, खुर्चीच्या हातावर ठेवला आणि सवयीनं उर्दूत दस्तखत केली. मग कोपऱ्याकडं तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते.

मॅट्रिक झाले. इंग्रजीत काठावर, पण झाले. पाहुण्यांना निरोप पुढं दोन वर्षांनी गेला.

दाताचा भाग मला नीट सांगता येत नाही, तो तिच्याच तोंडून ऐकावा. ती अजून दर गुरुवारी दुपारी येते, गुडघे दुखतात तरी येते. तू एखादा गुरुवार धरून ये. लवकर ये गं, आम्ही दोघी काही रोज तरुण होत नाही.