महोदय, कासवाला रस्ता ओलांडू द्यावा

कचेरीत फायली साठतात, तशा शाळेत गोष्टी साठतात. फरक एवढाच, की फायलींना वाळवी लागते. पस्तीस वर्षं मी फायली सांभाळल्या, त्यातलं एक वाक्य आठवत नाही. आणि सुनेच्या शाळेत एक वर्ष जाऊन बसलो, तर सांगताना चहा गार होतो!

सून कल्पना फुलंब्रीच्या अलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका. शाळा चौथीपर्यंत. एकदा ती म्हणाली, "बाबा, यंदा मुलांना पत्र, बातमी, जाहिरात, गोष्ट असं वेगवेगळं लिहायला शिकवतेय. अर्ज तुम्ही शिकवा. जन्मभर अर्जच वाचलेत ना?"

"वाचलेत कुठं? ठेवून घेतलेत," मी म्हणालो.

तरी गेलो. शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून नवं पेन घेतलं आणि तिच्या स्कूटीवर मागं बसून गेलो.

*

पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं : प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. वर सांगितलं, की अर्ज दिला की आवक नंबर घ्यायचा, उत्तर निघालं की त्याला जावक नंबर पडतो. नंबर नसलेला अर्ज हरवतो.

"कोण हरवतं?" पहिल्या रांगेतल्या मुक्तानं विचारलं.

मी फळा पुसायला घेतला.

परतताना कल्पना म्हणाली, "चौथीतली मुक्ता. वर्गात सगळ्यात चांगलं लिहिते. पण तिचे आजोबा म्हणतात, चौथी बास झाली. पाचवीला फुलंब्रीला जावं लागतं, एस.टी.नं. मी दोनदा घरी जाऊन आले. 'बघू' म्हणतात."

'बघू'चा अर्थ कचेरीतल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

*

बातमीचा तास. कोण, कुठे, कधी, काय, सगळं आलं पाहिजे, असं कल्पनानं बजावलं. अरबाजनं लिहिलं : "आज सकाळी आपल्या शाळेत काहीही घडले नाही. त्या वेळी हेडमास्तर हजर होते."

हेडमास्तरांनी बातमी दोनदा वाचली. म्हणाले, "खरी आहे. पण भिंतीवर लावू नका!"

*

मग जाहिरात. घरातल्या एखाद्या गोष्टीची करायची. कार्तिकनं म्हशीची केली : "आमची म्हैस. लाथ मारते. दूध कमी देते. कुणाला देणार नाही."

"अरे, जाहिरातीत चांगलं लिहायचं असतं!"

"मंग खोटं लिवू का, बाई?"

कल्पनानं मदतीसाठी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

*

रोजनिशीच्या वेळी तर कहरच! "मनातलं खरं खरं लिहा. रोजनिशी खासगी असते, कुणाला दाखवायची नाही," असं कल्पना सांगून बसली. दुसऱ्या दिवशी अरबाज वही पोटाशी धरून उभा.

"लिहिलंस?"

"व्हय."

"दाखव."

"तुमीच म्हणला ना बाई, कुणाला दाखवायची नाय!"

नियमाचा इतका चोख उपयोग आमच्या मोठ्या साहेबांनाही जमला नव्हता. त्याला वहीच्या पुठ्ठ्यावर 'छान' मिळालं.

*

एवढं सुरळीत चालू असताना माझं पाप बाहेर आलं. कल्पनानं गोष्टीची सुरुवात दिली : एका कासवाला तळ्यावर जायचं होतं, पण मधे मोठा रस्ता होता. पुढं तुम्ही लिहा.

वह्या तपासायला घेतल्या आणि तिनं कपाळाला हात लावला. बावीसपैकी एकोणीस वह्यांत 'प्रति' होतं! कार्तिकचा विषय : "रस्ता ओलांडण्याची परवानगी मिळणेबाबत." खाली, "आपले विश्वासू, कासव."

"अरे, मग कासव तळ्यावर पोचलं का?"

"नाय बाई. मंजुरी यायचीय."

"बाबा," कल्पना मला म्हणाली, "आता महिनाभर तुम्ही फक्त बसायचं!"

बसलो.

*

वर्ष संपत आलं. एका शनिवारी कल्पनानं सांगितलं, "खऱ्या माणसाला, खरंच हवं ते मागा. पत्र, गोष्ट, कविता, काय लिहायचं ते तुम्ही ठरवा."

मुक्तानं अर्ज लिहिला. आजोबांना.

"अगं, घरच्या माणसाला पत्र लिहितात."

"पत्र वाचून नुसतं 'बघू' म्हणतेत, बाई. अर्जाला उत्तर द्यावं लागतंय."

मी अजूनही फक्त बसलेलो होतो.

विषय होता, पाचवीला फुलंब्रीला जाऊ देणेबाबत. महोदय, गाडी सव्वानऊला येते. शेण भरून, शेळ्यांना पाणी पाजून मी जाईन. सोबत : प्रगतिपत्रक.

सोमवारी मुक्ताचे आजोबा शाळेत हजर. अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत. मला पाहून थबकले.

"सायेब, तुमी इथं व्हय? विहिरीच्या अर्जापायी पाच वर्सं तुमच्या टेबलापुढच्या बाकड्यावर बसलोय मी."

मी त्यांना खुर्ची दिली. उशिरा का होईना.

"नातीनं मला 'महोदय' लिवलंय," ते म्हणाले. "आजवर मीच लोकाला लिवत आलो. आता ह्याच्यावर काय लिवायचं असतं?"

"मंजूर किंवा नामंजूर."

"आन तुमी काय लिवायचे?"

"तपासून सादर करावे," मी खालमानेनं सांगितलं.

"मंग तपासतो," म्हणाले आणि उठून गेले. कल्पनाचा चेहरा पडला. मुक्ता फळ्याकडं बघत राहिली.

मंगळवारी दुपारी आले. धोतराला धूळ, हातात एस.टी.ची दोन तिकिटं, जायचं आणि यायचं. अर्जाच्या खाली वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं होतं : "जाऊन आलो. गाडी टायमात हाय. शाळेला फाटक हाय. मंजूर."

मुक्तानं हात पुढं केला. पण त्यांनी अर्ज तिला दिला नाही. माझ्यापुढं धरला.

"आदी नंबर टाका, सायेब. नंबर नव्हता म्हणून माझा हरवला, आसं तुमीच सांगितलं हुतं."

मी गुलमंडीचं पेन काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं : जावक क्रमांक १.