तेह नोनोहची उलटी पाकळी

भरतकामावर जगणाऱ्या कावालू गावात नोनोहच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. सगळे तिला तेह, म्हणजे ताई, म्हणत. बाई हाताची गुणी आणि तोंडाची फटकळ. भरतकामाच्या नक्ष्या काढाव्यात तर तिनेच. आधी कागदावर काढायची, पुढे संगणकावर काढू लागली. तिची फाईल मशीनला लावली की दोरा तुटायचा नाही, कापड आवळायचं नाही. आणि प्रत्येक नक्षीत एक पाकळी उलटी. ती तिच्या आईची खूण. आईला सही येत नव्हती, म्हणून ती पाकळी उलटवायची. नोनोहकडे ना शेत ना दुकान. काय ते या नक्ष्यांमागचं नाव.

नक्षीचं सॉफ्टवेअर रीतसर घ्यायचं तर राहतं घर विकावं लागलं असतं. सगळ्या कावालूप्रमाणे तिनेही चोरीचंच घेतलं. बसवून दिलं वावानने. पाठीला पिशवी अडकवून घरोघर संगणक दुरुस्त करत फिरणारा, जिभेवर साखर असलेला माणूस. बसवताना अँटिव्हायरसची लाल चौकट पडद्यावर आली.

"हे काय बोंबलतंय रे?" नोनोहने विचारलं.

"तेह, सॉफ्टवेअरचं कुलूप तोडायचं काहीही दिसलं की ते बोंबलतं. सवयच आहे त्याला. बंद करून टाका," वावान म्हणाला, आणि तिने वाढलेला ओंचोम-भात, म्हणजे आंबवलेल्या पेंडीची भाजी आणि भात, चाटूनपुसून खाऊन गेला.

हे खोटं नव्हतं. असल्या साधनांवर ते ओरडतंच. म्हणून तर तिचा विश्वास बसला.

रमजानच्या आधी ती शहरातल्या बाजारात गेली, तर एका दुकानात मुकेना, म्हणजे बायकांचा नमाजाचा पांढरा झगा, टांगलेला, आणि त्यावर बिलिंबीच्या फुलांची तिचीच नक्षी. उलट्या पाकळीसकट! ही नक्षी तिने अजून एकाही कापडावर उतरवली नव्हती. होती ती फक्त तिच्या संगणकात.

"हाजी सोबारींच्या कारखान्याचा माल," दुकानदार म्हणाला. "नक्षी कुणा वावानची आहे. बोटांत जादू आहे म्हणतात."

नोनोहच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच घरी येऊन तिने संगणक उचलला आणि शाळेत संगणक शिकवणाऱ्या पाक रुहियातपुढे आदळला. पाकांनी, म्हणजे सरांनी, अँटिव्हायरस चालू केला. दोन लाल ओळी आल्या.

"ही पहिली कुलूप तोडणाऱ्याची. ती सगळ्यांकडे निघते," पाक म्हणाले. "पण ही दुसरी बघ. हे कुलूपबिलूप काही तोडत नाही. तुझ्या घरातलं उचलून बाहेर पोचवतं. पहिल्याच्या आरडाओरड्यात हे खपून गेलं. पुसून टाकू?"

नोनोहने त्यांचा हात माऊसवरून बाजूला सारला.

"नको. अँटिव्हायरस परत बंद करा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"इतकं कधीच नव्हतं, पाक."

मग तीन आठवडे ती संगणकापुढून हलली नाही. जन्मात काढली नव्हती इतकी देखणी नक्षी तिने काढली. काढताना गाणं गुणगुणत होती, म्हणजे बघा. आणि अगदी शेवटच्या फुलाच्या गाभ्यात तिने टाक्यावर टाका, त्यावर पुन्हा टाका असे इतके रचले की दोरा तुटावा आणि कापडाची चाळण व्हावी. एक पाकळी उलटी केली, फाईल ठेवली आणि इंटरनेट चालू ठेवून ती चोराची वाट बघत बसली.

चोर आला. सोबारींनी नमुनाही शिवून पाहिला नाही. वावानच्या नक्षीत कधी खोट निघाली नव्हती. निघेल कशी, होती कुणाची? ईदच्या मालासाठी सगळी मशीनं एकदम लावली. शेवटच्या फुलाशी आल्यावर एकेका सुईवर लाल दिवा लागला आणि मशीनं किंचाळून थांबली. दोरा ओवला, पुन्हा तुटला. मुकेने उतरवून बघतात तर प्रत्येकाला भोक.

तिसऱ्या दिवशी वावान नोनोहच्या ओसरीवर हजर. मागे हाजी, जवळजवळ मानगूट धरूनच. ओसरीवर शेजारणी टाके घालत बसल्या होत्या.

"तेह, एक फाईल जरा बघता का?"

"कुणाची?"

"माझीच की."

"मग मला काय विचारतोस? तुझा टाका, तू उसव."

हाजी गरजले, "अगं, लाल दिवे पेटून पेटून कारखाना बंद पडलाय माझा!"

"दिवे होय?" नोनोह गोड हसली. "सवयच असते हो त्यांना ओरडायची. बंद करून टाका."

वावानने पिशवीतून लॅपटॉप काढून ती नक्षी उघडली. तिने त्याच्याच लॅपटॉपवर बोट ठेवलं. "एवढंच सांग. ही पाकळी उलटी का काढलीस? सांगितलंस तर आत्ता दुरुस्त करून देते."

त्याने पाकळी पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असावी.

"चूक राहिली, तेह."

ओसरीवरच्या सगळ्या सुया थांबल्या. एक म्हातारी म्हणाली, "मेल्या, तिच्या आईची सही आहे ती."

हाजींनी घाईघाईने हात जोडले. "वावानचं मी बघतो. पण तू फाईल तेवढी..."

"तुम्ही तर कावालूचेच, हाजी. माझ्या आईच्या हातचं भरतकाम तुमच्या घरी आहे. ती पाकळी पाहूनही तुम्ही विचारलं नाहीत." तिने दार लावून घेतलं.

आत पाक रुहियात चहा पीत बसले होते.

"आता पुसा ती दुसरी ओळ," नोनोह म्हणाली.