कांबळे सरांची रविवारची नेच्यांची ट्रेल

कांबळे सर आज पहाटे गेले आणि रविवारची ट्रेल अजून कॅन्सल झालेली नाही.

पेठ वडगावच्या हेडमास्तरांचे सकाळपासून फोनवर फोन. "बस सांगितलीय, पोरं तयार आहेत. काय करू?"

मी म्हणालो, सांगतो.

दुपारी सरांना स्मशानात पोचवून आलो. अजून सांगितलेलं नाही. एका जागी बसवत नाही म्हणून हे लिहितोय.

सर कोल्हापुरात बॉटनी शिकवायचे. रिटायर झाल्यावर दर पावसाळ्यात शाळेची पोरं घेऊन चंदगडच्या रानात जायचे. नेचे, म्हणजे फर्न, दाखवायला. फक्त नेचे आणि त्यांचे भाऊबंद.

मी बारावीला आपटलो, तेव्हापासून त्यांच्यासोबत. बस ठरवणं, पोरं मोजणं, जळवांसाठी मीठ घेणं. बोलणं सरांचं, काळजी माझी.

एका वर्षी हेडमास्तर पहिल्यांदाच सोबत आले. पालकांची कुरकुर होती. साप, जळवा, पाऊस.

बसमध्येच म्हणाले, "आज बघतो आणि ठरवतो, पुढं पाठवायची का नाही. पुस्तकात नेच्याचं चित्र आहेच की."

गावात पोचलो तर सरपंच हार घेऊन उभे.

आणि वाट स्वच्छ. दोन्ही बाजूंनी कोयत्यानं साफ. एक नेचा उभा नाही.

"कोल्हापूरचं पावणं येणार म्हटल्यावर वाट साफ नको व्हय? सगळं गवात काढलंय बघा!"

हेडमास्तर गालात हसले.

सरांनी हार घालून घेतला. "लई कष्ट घेतलासा, सरपंच. कापलेलं कुठं टाकलंय?"

"त्ये काय, वड्याच्या कडंला."

सर हारासकट त्या ढिगापाशी जाऊन बसले.

"उचला रे एकेक पान. एरवी मी तोडू देत नाही. आज लूट करा."

एका मुलीनं विचारलं, "सर, ह्याला फूल कुठं हाय?"

"फूल न्हाय. बी पण न्हाय."

"मग ह्यास्नी पोरं कशी व्हत्यात?"

सगळे खिदळले. हेडमास्तरांनी डोळे वटारले.

सर मात्र खूश. "ह्या प्रश्नासाठीच एवढ्या लांब आलोय, बाई. पान उलटं कर."

पाठीवर तपकिरी टिपक्यांच्या ओळी. तिनं बोट फिरवलं, बोटाला पूड लागली.

"हे बीजाणू. वाऱ्यावर जातात. ओल मिळाली की रुजतात."

थोड्या वेळानं बघतो तर हेडमास्तर छत्री मिटून, भिजत, स्वतःच पानं उलटीपालटी करत होते. "आयला," म्हणाले. पोरांसमोर.

मग सरांनी कापलेल्या जागी माती उकरली. आत आडवं खोड, त्यावर गुंडाळलेला कोवळा कोंब.

"सरपंच, हे बघा. वरचं कापलं तरी ह्याचं काय बिघडत न्हाय. फक्त पुढच्या वर्षी कोयता घरात ठेवा."

सरपंचच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

परतीच्या बसमध्ये हेडमास्तरांनी पुढच्या वर्षीची तारीख विचारली.

परवा दवाखान्यात सर म्हणाले, "रविवारी तू बोलायचं."

"सर, माझी नावं चुकतील."

"चुकू देत. येत नसेल तर येत न्हाय म्हणून सांग. पोरं काय खात न्हाईत तुला."

मी विषय बदलला होता.

आत्ता हेडमास्तरांना फोन केला. बस कॅन्सल करू नका म्हणालो. त्यांनी विचारलं, "बोलणार कोण?"

मी म्हणालो, मी.

सर, भीती वाटतेय. तरी जातोय.

शेवटचा जय भीम, सर.