रेस दे, सुनंदा

फोन कंपनीतून आला. "वहिनी, साहेबरावांना दवाखान्यात आणलंय, तुम्ही या," एवढंच यांचे मित्र कांबळेभाऊ बोलले. आवाजावरूनच मला पुढचं कळलं होतं... तरी करंजाड्याहून निघताना मी यांचे घरचे कपडे पिशवीत भरले. ते तसेच घडी न मोडता परत आले.

चार दिवसांनी कांबळेभाऊंनीच तळोज्याच्या कंपनीतून यांची मोटरसायकल आणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावली. आमच्या लग्नाच्या पुढच्याच वर्षी घेतलेली. मी तिला सवत म्हणायचे, आणि हे खुशाल ऐकून घ्यायचे. एकदा तिचा दिवा मंद व्हायला लागला. मेकॅनिक म्हणाला, बॅटरी गेली. नवी टाकली, ती पण बसली. तेव्हा हे चिडून व्होल्ट मोजायचं मीटर घेऊन आले. "बॅटरी आजारी नाही गं, उपाशी आहे. आधी तिला मिळतंय का ते बघू."

त्या तपासणीला यांच्या मते दोन माणसं लागतात. हे बॅटरीपाशी उकिडवे बसून मीटरच्या दोन पिना धरायचे आणि मी सीटवर बसून रेसची मूठ पिळायची. हेडलाइट लावलेला. गाडी बंद असताना आकडा बाराच्या थोडा वर हवा, रेस दिली की चौदाच्या आसपास चढायला हवा. नाही चढला तर कॉइल किंवा रेग्युलेटर बघायचा, आणि फारच चढला तरी वाईट, बॅटरी उकळते. पहिल्यांदा मी अशी काही रेस दिली की वॉचमन धावत आला. "सुनंदा, विमान उडवायचंय का?" हे हसून लोटपोट. मग मला शिकवलं, "मी दे म्हणलं की द्यायची, बास म्हणलं की सोडायची. मधे डोकं चालवायचं नाही." शेवटी रेग्युलेटरच्या सॉकेटातली जळकी वायर सापडली. पण तपासणी थांबली नाही. अधूनमधून रविवारी हाक यायचीच, "रेस दे, सुनंदा." मी कुकरची शिट्टी मोजत खाली उतरायचे, कुरकुरत. आता वाटतं, कशाला कुरकुरले...

यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, उभी राहून बॅटरी उतरली हिची. चार्जिंग पण होत नसेल आता. भंगारात देऊन टाकू, तुमाला कशाला टेन्शन?" मी म्हटलं, आधी मोजू. चार्जिंग होत नसेल तर द्या.

पल्लवीने, माझ्या लेकीने, बॅटरी दुकानातून चार्ज करून आणली. रविवारी किका मारमारून गाडी चालू केली आणि मीटर घेऊन वडिलांच्या जागी बसली. मी सीटवर. तिला "दे" म्हणायची सवय नाही, ती नुसतीच आकड्याकडे बघत राहिली. मीच हळूहळू मूठ पिळली.

"आई, चढतोय! चौदा आला, आई!"

म्हणजे गाडी राहणार होती. पल्लवी उठून उभी राहिली, डोळे पुसत हसली. "झालं की गं. सोड ना आता."

मला ऐकू येत होतं. पण हात मुठीवरून निघेना. बास म्हणणारं माणूस अजून बोललं नव्हतं.