झुमराबाईची तिसरी कॉफी

झुमरा स्कोप्ल्याक या बाईने एका माणसाला घरातून हाकलायची चोवीस वर्षं जय्यत तयारी केली होती. अडचण एवढीच होती, की तो माणूस घरात पाऊलच टाकत नव्हता.

माणूस म्हणजे समोरचा येर्को लोवरिच. दोघांच्या दारांमध्ये बारा पावलांची गल्ली. बोस्नियातल्या युद्धाआधी पंधरा वर्षं तो रोज सकाळी दहाला तिच्याकडे कॉफीला यायचा. तिच्या घराची कौलंसुद्धा त्यानेच चढवलेली, तीही वाकडी. मग त्र्याण्णवच्या जूनमध्ये तो गणवेश घालून, हातात यादी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आपलं नाव?"

झुमराला वाटलं, स्वारी थट्टा करतेय. ती हसली, बस म्हणाली, कॉफी चुलीवर होतीच. त्याने यादीतून डोकं वर काढलं नाही. पुन्हा तेच विचारलं. तिने नाव सांगितलं, त्याने खूण केली आणि घर सोडायला दहा मिनिटं दिली. नंतर घर गेलं, सामान गेलं, नवरा रासिम परक्या गावात भाड्याच्या खोलीत मरून गेला. हे सगळं झुमराने युद्धाच्या नावावर टाकलं. पण तो प्रश्न युद्धाचा नव्हता. तो खास येर्कोचा होता.

शांतता झाल्यावर ती त्याच घरात परत आली, तेव्हा बोस्नियातल्या त्या एवढ्याशा गावात सगळं दोन-दोन झालं होतं, एक झुमराच्या जमातीचं, एक येर्कोच्या. दोन टपाल कार्यालयं, दोन बेकऱ्या, दोन अग्निशमन दलं. एकमेकांच्या हद्दीतली आग ती दोन्ही दलं अत्यंत आदराने लांबून बघत. येर्को आपल्या दारात बसे, झुमरा आपल्या. दोघं रोज एकमेकांच्या डोक्यावरून डोंगराकडे बघत. तो डोंगर त्या गावात इतका कुणीच बघितला नसेल.

आता तिची योजना. आमच्याकडे पाहुण्याला कॉफी तीनदा देतात. पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची आणि तिसरी 'सिकतेरुशा', म्हणजे सरळ भाषेत, चला, फुटा आता. बोलायचं काही नसतं. पेला समोर आला की पाहुणा टोपी शोधतो. आणि तिसरी येण्याआधी उठणं म्हणजे घराचा अपमान. झुमराने ठरवलं होतं, येर्को कधी ना कधी येईल आणि त्याच्यापुढे पहिलीच कॉफी तिसरी ठेवायची. त्यासाठी लांब दांड्याचं तांब्याचं एक छोटं भांडं तिने वेगळं काढलं होतं, बघताक्षणी पाहुण्याला तिसरी कळावी असं. दर शुक्रवारी ती ते घासून लख्ख करी. एकदा सराव म्हणून तिने पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसावर प्रयोग केला. तो बिचारा मीटर न बघताच पळाला आणि पुढे चार महिने तिला अंदाजाने बिल आलं.

त्यानंतर शाळेची भानगड निघाली. गावात एकच गोष्ट अजून एकत्र उरली होती, तंत्रशाळा. साहेबलोकांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी तिचेही दोन तुकडे करायचं ठरवलं. तर ज्यांच्या बापांनी एकमेकांना वीस वर्षांत रामराम केला नव्हता, ती पोरं उठली आणि भर थंडीत चौकात मांडीला मांडी लावून बसली. झुमराची नात लामिया सगळ्यांत पुढे. लामियाची आई ऑस्ट्रियात कामाला, म्हणून पालक झुमरा. शाळा एकच राहावी म्हणून पोरांनी पालकांच्या सह्या मागितल्या आणि वर एक आगाऊ नियम काढला, इकडच्या घरांच्या सह्या तिकडच्या म्हाताऱ्यांनी आणायच्या, आणि तिकडच्या इकडच्यांनी. झुमराची गल्ली येर्कोच्या वाट्याला आली. त्याचं नाव त्याच्याच नातीने घातलं होतं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता दार वाजलं. झुमराने पडद्याआडून बघितलं. म्हातारा, टोपी हातात, आणि दुसऱ्या हातात पुन्हा यादी. तिच्या अंगातून आनंदाची शिरशिरी गेली. तिने दार उघडलं.

"आपलं नाव?" ती म्हणाली.

येर्कोचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्याने नाव सांगितलं. तिने आडनाव विचारलं. तेही सांगितलं. मग ती म्हणाली, बसा.

स्वयंपाकघरात तिने ते छोटं भांडं हातात घेतलं आणि तिथेच थांबली. तिसरी कॉफी दिली की हा दोन घोटांत सुटणार. चोवीस वर्षांचा सूड आणि दोन घोट? शिवाय सही राहणार आणि लामिया घर डोक्यावर घेणार. तिने छोटं भांडं परत फळीवर ठेवलं आणि मोठं उतरवलं.

पहिली कॉफी झाली. दुसरी झाली. मग आणखी एकदा दुसरी, आणि पुन्हा दुसरीच. डॉक्टरने येर्कोला दिवसाला एकच पेला सांगितलाय हे साऱ्या गल्लीला माहीत होतं, झुमराला तर तारखेसकट. त्याला उठता येईना, कारण तिसरी येत नव्हती आणि सही व्हायची होती. तो हवेवर बोलला, पेन्शनवर बोलला, कौलं अजून बरी टिकलीत म्हणाला. वाकडी आहेत, झुमरा म्हणाली आणि पेला भरला. बाराच्या सुमाराला त्याचे विषय संपले.

"ओळख दाखवली असती तर बसावं लागलं असतं, शेजारीणबाई," तो पेल्याकडे बघत म्हणाला. "बसलो असतो तर खूण करता आली नसती. मागे दोघं बंदुका घेऊन उभे होते. मी घाबरट आहे. तेव्हाही होतो."

झुमराला तो अजूनही अजिबात आवडत नव्हता, आणि उत्तरही पुरेसं वाटलं नाही. पण खोटं वाटलं नाही.

"यादी वाचा," ती म्हणाली.

"झुमरा स्कोप्ल्याक," त्याने वाचलं.

"पुन्हा."

त्याने पुन्हा वाचलं. तिने सही केली, टोकदार, कागद फाटेल इतकी दाबून. येर्कोने आशेने स्वयंपाकघराकडे बघितलं.

"तिसरी आज नाही," झुमरा म्हणाली. "माझं विचारून संपलेलं नाही. घरी जाऊन लघवी करून या हवं तर, पण उद्या दहाला इथे बसायचं. परवाही."

"डॉक्टर मला मारून टाकतील."

"त्यांना माझं नाव सांगा. आता माहीत आहे तुम्हाला."

तो गेल्यावर तिने डबा उघडून बघितला. कॉफी तळाला गेली होती. संध्याकाळी चौकात पोरांना सूप पोचवायचं होतं, तेव्हा वाटेत दोन किलो कॉफीच्या बिया घ्यायच्या असं तिने ठरवलं. या माणसाला उद्या काय काय विचारायचं याची मनात जुळणी करत ती भांडी घासायला बसली. छोटं भांडं मात्र तिने तसंच फळीवर उपडं ठेवलं. त्याची घाई नव्हती.