चौसष्ट रॅमचं मशीन

क्लेमेंटच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. लोकांना वाटतं, ग्राइंडरमध्ये सापडली असतील. गोखिवऱ्याच्या गाळ्यांमध्ये बोटं तशीच जातात. तोही 'हो' म्हणून मोकळा होतो. पण खरं ते मी लिहितो, कारण त्यात अर्धा गुन्हा माझा आहे.

हा माणूस आमच्या मोर्चात कधी आला नाही. आधी मोटारी वाइंड करायचा, मग जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागला, स्वतःच शिकून. "मला घोषणा सांगू नको प्रल्हाद, रॅम किती ते सांग," एवढंच त्याचं राजकारण.

२००३ साली तळी वाचवणाऱ्या आमच्या संघटनेचा कॉम्प्युटर बसला. कुठल्याशा ऑफिसने भंगारात काढलेला, विंडोज पंचाण्णववाला. त्यात एक्केचाळीस बावखलांची यादी होती. वाड्यांमधली ही गोड्या पाण्याची तळी बांधकामाचं डेब्रिज टाकून बुजवली जात होती. कुठलं कधी बुजवलं, कुठल्या नंबरच्या डंपरने, सगळं तीन वर्षं फिरून लिहिलेलं. बुजवणाऱ्या बिल्डरविरुद्ध सोमवारी सुनावणी. कॉपी होती ती फ्लॉपीवर, आणि फ्लॉपीला बुरशी.

मी मशीन क्लेमेंटच्या टेबलाखाली ठेवलं आणि सीडी पुढे केली. "एक्सपी टाक. टपरीवरच्या जितेशने फुकट दिलीय."

"रॅम चौसष्ट आहे. एक्सपी रांगेल. आणि पंचाण्णववर एक्सपी चढत नाही. डिस्क पुसावी लागते. तुझी यादी गेली देवाघरी. अठ्ठ्याण्णव टाकतो, ते पंचाण्णववरच बसतं. फाइलींना धक्का नाही."

"अठ्ठ्याण्णव? लोक हसतील आम्हाला!"

"सदरा आपल्या मापाचा शिवतात. शेजाऱ्याच्या नाही."

माझं डोकं फिरलं. त्याला भेकड म्हणालो, आणखी बरंच म्हणालो, आणि टपरीवर जाऊन हे सगळं जितेशजवळ ओकलो. तो कोणाच्या ऑफिसात उठतो-बसतो, हे तेव्हा मला विचारावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विघ्नेश आला. बिल्डरचा माणूस, सोबत तीन पोरं, हातात दांडकी. क्लेमेंटची बायको इझाबेल तेव्हा डबा घेऊन आली होती. पुढचं तिने सांगितलेलं.

"अंकल, संघटनेच्या मशीनवर एक्सपी टाका. पुसून. आमच्यासमोर."

म्हणजे काहीही न फोडता यादी गेली असती, आणि पुसायला सांगणारा मीच ठरलो असतो!

"रॅम चौसष्ट आहे," क्लेमेंट म्हणाला.

थोबाडीत बसली. चष्मा उडाला.

"पुसा म्हणतो ना!"

"पुसलं तरी चौसष्टच राहील."

दांडकं पाठीत बसलं. मग बरगडीत. तो टेबलावर आडवा झाला, पण सीडीला हात लावला नाही. शेवटी विघ्नेश पिसाटला. "मशीनच फोडतो तुझं!" म्हणत त्याने मॉनिटर उचलला आणि टेबलावर पसरलेल्या हातावर आपटला. काचेची नळी बॉम्बसारखी फुटली. पोरं दचकून पळाली, मागोमाग विघ्नेशही. त्यांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे टीव्ही. खरा डबा टेबलाखाली तसाच होता, वर इझाबेलचा जेवणाचा डबा.

संध्याकाळी मी आठ जण आणि एक लोखंडी सळई घेऊन गाळ्यावर पोचलो. क्लेमेंट प्लास्टर घालून आला होता.

"विघ्नेश कुठे बसतो, मला माहीत आहे. त्याचं डोकंच फोडतो!"

"त्याचं डोकं सोमवारनंतरही तिथेच असेल. सळई ठेव. बस कीबोर्डवर."

"मी?"

"माझा हात दिसतोय ना?"

दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मॉनिटर जोडला. क्लेमेंट सांगत होता, मी एका बोटाने टाइप करत होतो. बाहेर आठ जण शिव्या घालत होते, आत टक्के सरकत होते. अठरा. एकोणीस. मधे मी घाईने भलतंच बटण दाबायला गेलो, तर त्याने डाव्या हाताने टाळक्यात हाणली. "वाच आधी! मग दाब!" आयुष्यात माझ्यावर हात उचलला आणि मी परत दिला नाही, असा तो एकटाच.

तासाने अठ्ठ्याण्णव उभं राहिलं. फाइल उघडली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. मी ओरडलो. आठ जण आत घुसून नाचले.

इझाबेल फुटलेली काच गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमची यादी वाचली, भावजी. बरं झालं. आता याची बोटं कुठल्या सीडीत मिळतात ते पण बघा."

सोमवारी यादी सुनावणीत गेली, चार बावखलांची भराई थांबली. विघ्नेशचं डोकं मी फोडलं नाही. सळई गाळ्यातच राहिली. शटर नीट वर राहत नाही, म्हणून क्लेमेंट तिचा टेकू लावतो. डाव्या हाताने.