उसाच्या दिवसांतलं सेवा केंद्र

सरकारी कामं ऑनलाइन झाल्यापासून माझ्या सेवा केंद्रात किस्से इतके साठलेत, की हार्ड डिस्क पुरायची नाही! पंचाईत एकच, ऐकायला माणूस नाही. आमचं गाव वडवणीच्या बाजूला. दिवाळी झाली की धडधाकट माणसं ऊस तोडायला जातात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि मी. तुम्ही आलाच आहात तर बसा, चहा मागवतो.

*

रंगनाथ आबा सातबारा काढायला आले. म्हटलं, "आबा, सर्वर डाऊन आहे."

"म्हंजी जाग्यावर न्हाई?"

"तसंच समजा."

आबांनी सुस्कारा सोडला, "त्यो बी उसाला गेला म्हना की!"

*

तालुक्याच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, केंद्रावर टोकन पाहिजेच. आणलं मशीन! दुसऱ्या दिवशी आबांना एक नंबरचं टोकन दिलं. खोलीत आम्ही दोघंच.

"बोला आबा, काय काम?"

"आदी नंबर पुकारा की!"

मी उभा राहून ओरडलो, "टोकन नंबर एक!"

"हजर!"

जाताना म्हणाले, "उद्या मला पाच नंबर द्या."

"का हो?"

"फुडं चौघं असले म्हंजी गप्पा तरी हुतील."

तेव्हा मी पोट धरून हसलो. माझी बायको-मुलं शाळेपायी बीडला असतात. संध्याकाळी शटर ओढताना मात्र घरी जावंसं वाटेना.

*

याच आबांना एकदा सरकारी कॉल आला. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज. "आपण सेवेबद्दल समाधानी असल्यास एक दाबा."

आबा म्हणाले, "दाबतो की. पर बाई, तू कुन्या गावची? जेवलीस का?"

तिकडून, "प्रतिसाद न मिळाल्याने कॉल समाप्त करीत आहोत."

आबा फोनकडे बघत राहिले. "लई घाईत हाय पोरगी!"

*

सोजरबाईंना हयातीचा दाखला हवा होता. तो नसला की निराधारचा पगार बंद. अंगठे झिजलेले, मशीन काही घेईना. मग मोबाईलला चेहरा दाखवायचं ठरलं. मी मोबाईल समोर धरला, तर बाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला!

"अहो, चेहरा सापडत नाही म्हणतंय."

"मामंजीफुडं तोंड कसं उघडू?"

भावकीत मी त्यांचा चुलत सासरा लागतो. वयानं त्या माझ्या आईएवढ्या! शेवटी मोबाईल खिडकीत टेकवून ठेवला आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागून टिंग वाजलं.

"काय म्हनतंय?"

"जिवंत आहात म्हणतंय."

"चला, कुनीतरी इचारलं!"

*

कौसाबाईंच्या आधारला मोबाईल नंबर आहे त्यांच्या लेकाचा, बाळूचा. बाळू कर्नाटकात उसाच्या फडावर. त्यामुळे त्यांचं कुठलंही काम काढलं की ओटीपी जातो बाळूला. मग मी माझ्या फोनवरून त्याला लावतो, स्पीकर चालू करतो. तो आकडे सांगतो, कौसाबाई ते ऐकून मला सांगतात आणि मी टाइप करतो. आकडे मलाही ऐकू येतात, पण त्यांनी सांगितल्याशिवाय टाकलेले त्यांना चालत नाहीत.

परवा आधारची नवी प्रत काढायला आल्या. मागची हरवली म्हणे. त्याच्या आधीचीही हरवलीच होती. फोन लागताच त्या म्हणाल्या, "बाळ्या, जेवलास का?"

"आये, गाडी भरायची हाय, मुकादम बोंबलतोय. आकडे घे. चार, सात, दोन, दोन, नऊ, एक."

"पोरीचा खोकला थांबला का रं?"

"थांबला. ठिवतो आये."

फोन कट झाला. कौसाबाईंनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"घ्या लिवून. चार, सात, दोन, दोन, नऊ..." जरा थांबल्या. "पाच."

मी पाच टाकला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली.

"चुकला व्हय?" त्यांनी खुर्ची फोनजवळ ओढली. "मंग लावा की परत!"